सांध्याची गाडी आणि मोजणीचे साहेब

दादासो गार्डाला खोटं बोलता येत नव्हतं. त्यामागं काही मोठं तत्त्व होतं असं नाही, त्याला ते जमतच नव्हतं. खोटं तोंडाशी आलं की त्याचे कान लाल व्हायचे. कानही असे सुपासारखे की पटक्याखालून बाहेर डोकवायचे. त्याची बायको म्हणायची, "ह्यास्नी काय इचारायचंच न्हाई. नुसतं कानाकडं बघायचं."

हा दादासो ज्या गाडीवर गार्ड होता, तिला आजूबाजूचे लोक 'सांध्याची गाडी' म्हणत. माधवनगरच्या वरच्या अंगाला थोरल्या लाईनीवर कोरेमळा नावाचं लहानसं स्टेशन होतं. तिथून चार मैलांवर पांढरवाडी. तिथं संस्थानची धाकटी लाईन यायची. ह्या दोन लाईनी एकमेकींना जोडाव्यात असं कधीकाळी कुणा मोठ्या माणसाच्या डोक्यात आलं आणि त्यानं मधे चार मैलांचे रूळ टाकले. टाकल्यावर लोकांच्या लक्षात आलं, की दोन्ही लाईनी पुढं मिरजेलाच जातात. मग मधल्यामधे सांधा बदलून कोण कशाला हिंडतंय? झालं. गाडी सुरू झाली त्या दिवसापासून रिकामी.

एक इंजिन, एक डबा, एक मालाची वाघीण आणि वाघिणीच्याच टोकाला गार्डाचा कप्पा. दिवसाला तीन वेळा जायची, तीन वेळा यायची. इंजिनावर भाऊसो ड्रायव्हर. दुपारच्या फेरीला तो वाटेत गाडी थांबवून बोरं वेचायचा, आणि दादासो त्याची वेळ झाली की शिट्टी मारायचा.

ह्या लाईनीची खरी गरज होती ती फक्त येळेवाडीला. येळेवाडी बरोबर मधे. फलाट नाही, एक पत्र्याची शेड आणि एक कडुलिंब. एका बाजूला खोल ओढा, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढ्या चिखलाची काळी जमीन. ओढ्यावर पूल एकच, रेल्वेचा. पावसाळ्यात बाळंतीण अडली तरी गाडी, गूळ बाजाराला न्यायचा तरी गाडी. पण अडणार किती बाळंतिणी? रोजचं माणूस म्हणाल तर साळूबाई. ती कोंबड्यांची डालगी घेऊन कोरेमळ्याला जायची, आणि डब्यात एकटीच असल्यामुळं कोंबड्या मोकळ्या सोडायची.

बेचाळीस सालच्या माघात कचेरीतून कागद आला. दादासोनं तो तीनदा वाचला. लढाईसाठी रूळ हवेत. ज्या लाईनीवर माणसं जात-येत नाहीत त्या उखडून रूळ इराकात बसऱ्याला पाठवायचे आहेत. सांध्याची लाईन पाहायला साहेब येतील. तीन दिवस राहतील, प्रवासी मोजतील आणि काय ते ठरवतील.

बसरा हे नाव वाचून दादासो कडुलिंबाखाली खालीच बसला. पहिल्या लढाईत तो तिथं दोन वर्षं होता, रूळ टाकणाऱ्या पलटणीत. तिथली वाळू त्याला ठाऊक होती. आज टाकलेला रूळ उद्या सकाळी हातानं उकरून शोधावा लागायचा. ज्या रुळांवरून आपण रोज जातो तेच आता तिकडं जाणार. आणि खरं सांगायचं तर नोकरीचीही धास्ती होतीच.

साळूबाईनं कागदातला मजकूर ऐकला. डालग्यावर बसून तिनं पानाला चुना लावला.

"म्हंजी साहेब माणसं मोजणार?"

"व्हय."

"मग दावूया की माणसं."

"आणायची कुठनं? गावात मोकळी माणसं चाळीसभर असत्याल. बाकीची उसात न्हाईतर पलटणीत."

"चाळीस लय झाली," साळूबाई म्हणाली. "एक माणूस सा येळा गेलं की त्याची सा माणसं व्हत्यात."

दादासोचे कान नुसत्या ऐकण्यानंच तांबडे झाले. "साळूबाई, मला ह्यात घालू नगा. साहेबानं इचारलं तर माझ्या तोंडातनं खरंच निघंल."

"तुमाला कोण घालतंय? तुमी तिकीट बघा आन् बावटा दावा. तिकीट खरं असलं म्हंजी झालं न्हवं?"

तिकिटांच्या पैशाचं लालासाहेबांनी आपल्याकडं घेतलं. गावात सगळ्यात जास्त ऊस त्यांचा, आणि गुळाच्या ढेपा ह्याच वाघिणीतून जायच्या. त्यांनी एवढंच सांगितलं, "खर्चाचं माझ्याव सोडा, पर सोंग नीट वठवा."

सोमवारी साहेब आले. नाव करंबेळकर. वय तिशीतलं, अंगानं काटकुळे, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर सोलर हॅट, हातात काळी वही. गार्डाच्या कप्प्यात बसता बसता त्यांनी दादासोला बजावलं, "हे बघा, मला तिकिटं मोजायची नाहीत. माणसं मोजायची आहेत. कागदावर कोणीही काहीही दाखवतं."

दादासो म्हणाला, "व्हय साहेब," आणि पटका कानांवर ओढून घेतला.

गाडी येळेवाडीला आली, आणि साहेबांनी मान बाहेर काढली ती काढलेलीच राहिली. शेडसमोर जत्रा होती. गाठोडी, टोपल्या, घोंगडी, म्हातारी माणसं, कडेवर पोरं. वीस-बावीस माणसं ढकलाढकली करत डब्यात घुसली. जागा भरपूर असूनही ती ढकलाढकली करत होती, कारण साळूबाईनं तसं सांगून ठेवलं होतं.

पांढरवाडीला उतरून सगळ्यांनी परतीचं तिकीट काढलं आणि ती परत येळेवाडीला उतरली. लगेच दुसरी टोळी चढून कोरेमळ्याला गेली. ती जाऊन येईपर्यंत पहिली टोळी शेडमागं कपडे बदलायची. तिथं साळूबाईनं पटके, टोप्या, मुंडाशी, लुगडी आणि दोन जुने पलटणीतले कोट असा ढीग लावला होता. "गुंडा, तुझी टोपी त्याला दे. तू घोंगडं घे, धनगर हो. रंगू, पदर दुसऱ्या खांद्यावनं घे, जतची दिसशील. आन् कानडीत बोल."

"मला कुठं कानडी येतंय?"

"मग बोलू नगो, नुसती मान हालीव."

पहिला दिवस असा गेला. साहेब नुसते लिहीत होते. दादासोनं त्यांच्याकडं न बघता तिकिटं चिमट्यानं टोचली. घरी गेल्यावर बायकोनं त्याच्या कानांकडं बघितलं आणि न विचारता गार पाण्याचा तांब्या पुढं केला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या फेरीला येळेवाडीत साहेबांनी वही मिटली. "गार्ड, तो मिशीवाला म्हातारा. कालपासून नववी फेरी त्याची. टोपी बदलतो, मिशी बदलत नाही."

दादासोनं बावटा गुंडाळला. "व्हय साहेब."

"का जातो तो इतक्या वेळा?"

"तिकीट काढतोय म्हणून."

साहेबांनी त्याच्याकडं चष्म्यावरून पाहिलं. "मीच विचारतो," असं म्हणून ते गाडी सुटायच्या आत उतरले आणि थेट प्रवाशांच्या डब्यात चढले. दादासोही मागोमाग गेला. तिकिटं बघायची हे निमित्त होतं. खरं म्हणजे जिवाला राहवत नव्हतं.

मिशीवाले होते तात्याबा, वय पंच्याहत्तर. साहेबांनी विचारलं तसं ते जागेवरून न हलता म्हणाले, "त्याचं काय हाय साहेब, मला तंबाखूची सवय. घरात म्हातारी थुकू देत न्हाई, अंगणात सून थुकू देत न्हाई, पारावर गाव थुकू देत न्हाई. कोरेमळ्याच्या फलाटापल्याड खड्डा हाय, तिथं कुणी काय म्हणत न्हाई. म्हणून जातुया."

"दिवसातून सहा वेळा?"

"तलफच तेवढी हाय."

साहेब पुढं सरकले. खिडकीत धुळा धनगर बकरं मांडीवर घेऊन बसला होता. तो साहेब विचारायच्या आधीच बोलला, "बकरं इकायला नेलतं. गिऱ्हाईक म्हणालं रोडावलंय. म्हणून घरी आणून चारलं, परत नेलं. तर म्हणतंय आता फुगलंय. आता मधल्या मापाचं करून नेतुया."

डब्यात कुणीतरी खोकल्यासारखं केलं. तो खोकला नव्हता. साहेबांनी ओठ घट्ट मिटले आणि कोपऱ्यातल्या बाईपाशी आले. बनुबाई पदर डोक्यावरून पुढं ओढून, गाठोडं पोटाशी धरून बसली होती. तोंड असं, की आत्ताच कुणाला तरी दोन शब्द सुनावून आली असावी.

"तुम्ही बाई?"

"म्या रुसून चाललेय," बनुबाई म्हणाली.

"कुठं?"

"म्हायारी. कोरेमळ्याला. सून नीट वागत न्हाई. म्हणून गठुळं बांधायचं आन् गाडीत बसायचं. पर ह्यो पूल गेला की राग उतराय लागतोय. कोरेमळा आला की पार उतरतोय. मग म्हायारी जाऊन काय सांगू? म्हणून त्याच गाडीनं माघारी येती. घरी गेली की सून परत कायतरी बोलतीया."

"आणि मग परत गाडी?"

"मग काय करू? चालत गेली आस्ती तर राग कधीच उतरला नसता, साहेब. चालून चालून आणि वाढला आस्ता. गाडी हाय म्हणून आमचं घर टिकून हाय."

साहेब हसले. चांगले पोटातून, मोठ्यानं हसले. चष्मा काढून पुसावा लागला. डब्यातली माणसं आधी घाबरली, मग सगळीच हसायला लागली. दादासो एकटा हसला नाही, कारण त्याला एक गोष्ट माहीत होती: बाकी सगळ्यांची सोंगं होती, पण बनुबाईचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं. गेली सहा वर्षं आठवड्यातून दोनदा तरी ती रुसून ह्या गाडीत बसत होती.

पण हसले म्हणून साहेब पाघळले असं नव्हे. संध्याकाळी उतरताना ते दादासोला म्हणाले, "वहीत मी प्रत्येकाची खूण लिहून ठेवलीय. कुणाच्या हनुवटीवर गोंदण, कुणाचा कान तुटका, कुणाचा दात पडका. उद्या शेवटचा दिवस. मग एकूण माणसं किती ते कळेलच."

हे ऐकून साळूबाईनं कपाळाला हात लावला. मग हात तसाच ठेवून विचार केला आणि म्हणाली, "उद्या वऱ्हाड काढायचं. वऱ्हाडात तोंडावर मुंडावळ्या असत्यात, गुलाल असतोय, हळद असती. खुणा दिसतील कशा?"

नवरी कोण? अंजना. नवरा कोण? कृष्णात, माधवनगरच्या गिरणीत रातपाळी करून सकाळीच घरी आलेला. त्या दोघांचं लग्न होऊन आठ वर्षं झाली होती आणि तीन लेकरं होती. पण ते एकमेकांच्या शेजारी बसायला तयार होते, आणि दुसरं कुठलं जोडपं तेवढ्यालाही तयार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीला वऱ्हाड चढलं. हलगी, ताशा, गुलाल. येळेवाडीची झाडून सगळी एकदमच आली, कारण वऱ्हाड अर्धं काढता येत नाही. लालासाहेबांनी नवरीकडच्या शिदोरीत काकवीच्या दोन घागरी दिल्या होत्या, गुऱ्हाळातल्या ताज्या, अजून कोमट. नवरदेव गाडी सुटताच झोपला. साहेब डब्यातच येऊन बसले आणि त्यांनी त्याला हलवून जागं केलं.

"नवरदेव, बायकोचं नाव घ्या बघू."

कृष्णातनं डोळे न उघडताच सुरू केलं, "पांढरवाडीच्या गाडीला कोरेमळ्याचा रूळ, अंजनाचं नाव घेतो, उडू दे धूळ!"

वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागून एक बारकी पोरगी केकाटली, "आये, मला भूक लागली!" आणि मुंडावळ्या बांधलेली नवरी सवयीनं ओरडली, "गप बस, देती!"

साहेबांनी शांतपणे वही उघडली.

पुलाच्या अलीकडं चढ होता. रोज रिकामा डबा ओढणाऱ्या इंजिनाला एवढं माणूस, हलगी, बकरं आणि काकवी कधी माहीत नव्हती. चढाच्या मध्यावर त्यानं दोनदा सुस्कारा टाकला आणि ते उभं राहिलं. मग गचका देऊन हातभर मागं आलं. त्या गचक्यासरशी एक घागर कलंडली. साहेब उठता उठता त्यांच्या हातातून वही सुटली, आणि घागरीच्या तोंडाखाली जो पिवळा ओघळ पसरत होता त्याच्या बरोबर मधोमध पडली.

धुळानं ती उचलली. वही आणि डब्याची फळी यांच्यामधे काकवीचा जाड पडदा लोंबत राहिला. पानं एकमेकांना अशी चिकटली, की ती वही आहे की पोळी आहे हे सांगता येईना.

हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली. दादासोला वाटलं, आता साहेब लाईन उखडायलाच सांगणार.

साहेब खाली उतरले. त्यांनी चढाकडं पाहिलं, पुढच्या पुलाकडं पाहिलं, पुलाखालच्या ओढ्याच्या खोल दरडीकडं पाहिलं. दोन्ही अंगांना वाट नव्हती. मग त्यांनी बाह्या वर केल्या. "बघता काय? ढकला!"

मग सगळं वऱ्हाड उतरलं. तात्याबा, धुळा, बनुबाई, मुंडावळ्या वर सारलेली अंजना, नीट जागा झालेला कृष्णात आणि बावटा कमरेला खोचलेला दादासो. चाकं घसरू नयेत म्हणून भाऊसोनं पुढून रुळांवर माती टाकली. ताशेवाल्यानं ठेका धरला. "हां, हां, हां!" करत करत डबा हलला. साहेब दादासोच्या शेजारी खांदा लावून ढकलत होते. त्यांच्या पांढऱ्या पाटलोणीवर काकवी आणि काकवीवर गुलाल बसला होता. चढ संपला, इंजिनानं शिट्टी दिली, आणि माणसं धावत धावत चढली. बनुबाईला साहेबांनीच हात देऊन वर घेतलं.

संध्याकाळी कोरेमळ्याच्या स्टेशनात दोघंच बसले होते. टेबलावर एक छापील कागद होता. साहेबांनी बादलीत हात धुतले, चष्मा धुतला आणि दादासोला समोर बसवलं.

"वही तर गेली. आता तुम्हीच सांगा. तीन दिवसांत तिकिटं किती?"

"तीनशे अठ्ठ्याऐंशी."

"आणि माणसं?"

दादासोच्या मनात एकदा आलं, म्हणावं दोनशे. म्हणावं अडीचशे. जीभ वळेना. कान गरम व्हायला लागले. त्याला बनुबाईचं गाठोडं दिसलं, ओढ्यावरचा पूल दिसला, बसऱ्याची वाळू दिसली. मग त्यानं एकदम सांगून टाकलं.

"एक्केचाळीस, साहेब. धुळाचं बकरं धरून बेचाळीस. चूक झाली आमची. पर सोंग होतं ते फकस्त ह्या गाडीसाठी. दुसरं कायबी त्यात न्हाई."

साहेबांनी त्याच्या कानांकडं बघितलं. "माझ्या वहीत काल रात्रीपर्यंत एकोणचाळीस होते," ते म्हणाले. "दोन माझ्याकडून सुटले. कोण?"

"एक साळूबाई. ती चढलीच न्हाई, शेडमागं होती. तिला धरायची का न्हाई, मलाबी कळंना."

"आणि दुसरा?"

"लालासाहेब. ते जनानी कपड्यात होते, तोंडावर पदर घेऊन."

साहेबांच्या हातून टाक खाली पडला. तो उचलायला ते टेबलाखाली गेले आणि जरा जास्तच वेळ खाली राहिले. वर आले तेव्हा डोळे पाणावले होते, पण आवाज सरळ होता.

"गार्ड, मी सात वर्षं ठिकठिकाणच्या लाईनींवर माणसं मोजतोय. गाडी ढकलणारे प्रवासी मी आज पहिल्यांदा मोजले." त्यांनी छापील कागद त्याच्यापुढं फिरवला. "हे वाचा. इथं काय लिहिलंय?"

दादासोनं अक्षरं लावून वाचलं. "विकलेली तिकिटं."

"माणसं असा रकाना कुठं आहे?"

दादासोनं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "न्हाई, साहेब."

"नाही ना? मग मी काय करू?" असं म्हणून साहेबांनी टाक शाईत बुडवला आणि ऐटीत लिहिलं: तीनशे अठ्ठ्याऐंशी. खाली शेरा मारला: पूल अत्यावश्यक, प्रवासी अत्यंत उत्साही. सही केली, कागद टिपला आणि संध्याकाळच्या पुण्याच्या गाडीनं निघून गेले. जाताना काकवीतली वही मात्र फडक्यात बांधून बरोबर नेली. कशाला नेली, हे कुणाला कळलं नाही.

रूळ वाचले. येळेवाडीत त्या रात्री साळूबाईनं दोन कोंबड्या कापल्या आणि दादासोला पहिल्यांदा पंगतीत मधोमध बसवलं. तो पुनःपुन्हा सांगत होता, "मी खरं सांगितलं, आवं, मी सगळं खरं सांगितलं," आणि कुणालाच त्याचं खरं वाटत नव्हतं.

दोन महिन्यांनी कचेरीतून दुसरा कागद आला. दादासोनं तो कडुलिंबाखाली मोठ्यानं वाचला. सांध्याच्या लाईनीवरची अतोनात गर्दी लक्षात घेऊन एक जादा डबा देण्यात येत आहे, आणि रोजच्या फेऱ्या सहावरून दहा करण्यात येत आहेत. पहिली गाडी पहाटे पाचला.

"पाचला?" भाऊसो ड्रायव्हरनं विचारलं. "आन् बोरं कवा वेचायची?"

दादासो मनात झाडूचा हिशेब करत होता, कारण डबा झाडायचं कामही गार्डाकडंच होतं.

नवा डबा आला तेव्हा येळेवाडी सगळी बघायला लोटली. हिरवा रंग, पितळी कड्या, खिडक्यांना काचा. तात्याबांनी त्याला हात लावून बघितला. साळूबाईनं आत डोकावून बाकडी मोजली. अंजनानं त्याला हळदकुंकू लावलं, कृष्णातनं नारळ फोडला. पहिल्याच दिवशी इतकी माणसं बघून दादासोचा ऊर भरून आला. त्यानं शिट्टी मारली आणि ओरडला, "चला, बसा बसा! गाडी सुटतीया!"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

"आता कुठं बसताय, गार्डसाब," साळूबाई म्हणाली, "उसाला पाणी सोडलंय." आणि खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवून ती गावाकडं वळली. तिच्यामागं एकेक करून सगळीच वळली.

दादासोनं खोबरं तोंडात टाकलं, दोन्ही रिकाम्या डब्यांची दारं लावली आणि हिरवा बावटा दाखवला.